रात्री आठनंतर फिक्स का जातो? आयनांबर, आरटीके आणि आपले अक्षांश

मोजपट्टी (धागाकर्ता)

खानदेशात एका रस्त्याच्या रुंदीकरणासाठी आमच्या चमूचे आखणीचे काम सध्या चालू आहे. मार्चच्या उन्हात दुपारी उभे राहणे माणसांना झेपत नाही, त्यामुळे कंत्राटदाराने संध्याकाळी सहा ते रात्री अकरा अशी पाळी लावून दिली आहे. मोजणी आरटीकेने चालते, म्हणजे ज्ञात जागी ठेवलेला उपग्रह-रिसीव्हर (बेस) दुरुस्त्या पाठवतो आणि हातातला फिरता रिसीव्हर (रोव्हर) त्यांवरून सेंटीमीटरपर्यंत जागा काढतो. सकाळी जो रोव्हर बेसपासून बारा-चौदा किलोमीटरवर अर्ध्या मिनिटात फिक्स (सेंटीमीटरची पक्की जागा) देतो, तोच रात्री आठच्या सुमारास फ्लोटवर (कच्च्या, अंदाजी उत्तरावर) जातो. मध्येच पुन्हा फिक्स दाखवतो, पण त्या वेळी टीबीएमवर (उंची माहीत असलेल्या तात्पुरत्या खुणेवर) रोव्हर धरून पाहिला तर उंची आठ-दहा सेंटीमीटरने चुकलेली आढळते. आखणीचे ठिकाण उघडे माळरान असून जवळपास झाडे, पत्र्याच्या शेडी किंवा उच्चदाबाच्या तारा नाहीत. फर्मवेअर बदलून झाले, अँटेना बदलून झाली, तरी फरक पडला नाही. आणि मध्यरात्रीच्या सुमारास कोणी काही न करता सगळे आपोआप सुरळीत होते.

सौरवादळाची शंका आली म्हणून मोबाइलवर भूचुंबकीय खळबळीचा केपी निर्देशांक दाखवणारे ॲप घेतले. गंमत अशी की सर्वांत वाईट रात्री केपी १ किंवा २, म्हणजे अगदी शांत होता. हे नेमके काय आहे, ते आधी ओळखता येते का आणि त्यावर उपाय काय, याविषयी जाणकारांनी लिहावे.

रोव्हरवाला

मी कोल्हापूर भागात मोजणीची कामे करतो. आयनांबराकडे (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थराकडे) बोट दाखवण्यापूर्वी दोन साध्या गोष्टी तपासून घ्याव्यात असे सुचवतो. पहिली म्हणजे दुरुस्त्या इंटरनेटवरून घेत असाल, तर संध्याकाळी मोबाइलचे जाळे तुंबते आणि दुरुस्त्या उशिरा पोहोचतात. कंट्रोलरवर दुरुस्तीचे वय किती सेकंद दाखवते ते पाहावे. दुसरी म्हणजे हायवेवरच्या काही ट्रकांत मालकाला गाडीचा माग लागू नये म्हणून चालक उपग्रहांचे संदेश दाबणारे स्वस्त जॅमर लावतात, आणि रात्री ट्रकांची वर्दळ वाढते. रिसीव्हरच्या माहितीपत्रकात ‘८ मिलिमीटर अधिक १ पीपीएम (किलोमीटरमागे १ मिलिमीटर)’ असे लिहिलेले असते. त्या हिशेबाने चौदा किलोमीटरवर आडवी चूक अडीच सेंटीमीटरच्या आत राहायला हवी. उंचीत दहा सेंटीमीटर म्हणजे कुठेतरी व्यवस्थेतच दोष असणार, असे मला वाटते.

चुंबकसूची

रोव्हरवाले यांनी सांगितलेल्या तपासण्या कराव्यातच, पण मार्च महिना, रात्री आठ ते बारा ही वेळ आणि केपी शांत असणे, ही तिन्ही लक्षणे एकत्र आली की भूचुंबकत्वाच्या क्षेत्रात काम केलेल्या माणसाच्या मनात एकच निदान येते. थोडे सविस्तर लिहितो.

जमिनीपासून साधारण साठ किलोमीटरवर सुरू होऊन हजार किलोमीटरपर्यंत पसरलेल्या आयनांबरात सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे सुटे झालेले इलेक्ट्रॉन असतात. त्यांची घनता ३०० ते ४०० किलोमीटर उंचीच्या आसपास सर्वाधिक असते. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना त्याचा कोड (अंतर मोजण्यासाठीचा सांकेतिक नमुना) मागे पडतो आणि वाहक लहरीची फेज (लहरीतील नेमकी अवस्था) तेवढ्याच अंतराने पुढे सरकते. उपग्रहापासून रिसीव्हरपर्यंतच्या एक चौरस मीटर छेदाच्या स्तंभात दहाचा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन असले, तर त्याला एक टीईसी एकक म्हणतात. अशा एका एककाने उपग्रहाच्या एल-१ या वारंवारतेवर सुमारे १६ सेंटीमीटर आणि एल-२ या त्याहून कमी वारंवारतेवर सुमारे २७ सेंटीमीटर फरक पडतो. सौरचक्र (सूर्याच्या सक्रियतेचा ठरावीक वर्षांचा चढउतार) ऐन भरात असताना आपल्याकडे दुपारी डोक्यावर थेट वर पाहिले तरी ७०-८० एकके सहज असतात, म्हणजे एल-१ वर अकरा ते तेरा मीटर.

आता एवढी मोठी चूक असूनही आरटीके सेंटीमीटरपर्यंत कसे पोहोचते? बेस आणि रोव्हर यांच्यावरचे आयनांबर जवळपास सारखेच असते, या एका गृहीतकावर. दोघांच्या नोंदींची वजाबाकी केली की सामाईक चूक निघून जाते आणि उरतो तो फक्त दोन ठिकाणांमधला फरक. युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत शांत दिवशी हा फरक किलोमीटरमागे एक-दोन मिलिमीटर इतकाच असतो. माहितीपत्रकातील १ पीपीएम हा आकडा तशाच शांत परिस्थितीत खरा ठरणारा आहे. आपण जिथे उभे आहोत तिथले आयनांबर मात्र मुळातच वेगळे आहे.

चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा आडव्या होतात ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या आसपासून जाते. अग्निबाण सोडण्यासाठी थुंबा हे गाव निवडले गेले त्यामागे हेच कारण होते. दिवसा तिथल्या विद्युतक्षेत्रामुळे प्लाझ्मा (सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन) वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना घसरत उत्तरेला व दक्षिणेला साचतो. उत्तरेकडील ही रास भारतात अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर पडते. म्हणजे सर्वांत दाट आयनांबर विषुववृत्तावर नसून आपल्या थोडे उत्तरेला असते, आणि संपूर्ण महाराष्ट्र त्या राशीच्या चढणीवर वसलेला आहे. खानदेश तर अगदी माथ्याजवळ येतो.

हा झाला दिवसाचा भाग. तुमचा त्रास मात्र सूर्यास्तानंतरचा आहे. सूर्य मावळताच आयनांबराचा खालचा थर झपाट्याने विरतो, पण वरचा दाट थर तसाच टिकून असतो आणि त्याच सुमारास पूर्वेकडे असलेले विद्युतक्षेत्र थोडा वेळ अचानक वाढून त्याला आणखी वर ढकलते. तेलावर पाणी ओतावे तशी ही अस्थिर अवस्था असते. खालचा विरळ प्लाझ्मा बुडबुड्यांसारखा वर घुसतो आणि दाट थरात शेकडो किलोमीटर उंचीच्या पोकळ्या तयार होतात. पोकळीच्या कडेवर पन्नास किलोमीटरच्या आत वीस-तीस टीईसी एककांची घसरण होऊ शकते. त्यात शेकडो मीटर आकाराचे बारीक खळगेही असतात, आणि त्यांमुळे संदेश पसरून त्याची तीव्रता सेकंदासेकंदाला वरखाली होते. यालाच सिंटिलेशन म्हणतात. त्यात रिसीव्हरची फेजवरची पकड सुटते, मोजलेल्या तरंगांची संख्या तुटते, आणि फिक्ससाठी सगळी सुरुवात पुन्हा करावी लागते.

मार्चच का, याचेही उत्तर आहे. चुंबकीय रेषेच्या दोन्ही टोकांना, म्हणजे उत्तर आणि दक्षिण गोलार्धांत, एकाच वेळी सूर्यास्त झाला तर हे विद्युतक्षेत्र सर्वाधिक वाढते. भारतात चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक आहे, त्यामुळे हा योग विषुवदिनांच्या आसपास, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जुळून येतो. ब्राझीलमध्ये हाच फरक (दिक्पात) वीस अंशांच्या आसपास असल्याने तिथला हंगाम डिसेंबरच्या सुमारास येतो.

शंकासुर

एक बाळबोध शंका विचारतो. माझ्या वाचनाप्रमाणे आयनांबराची चूक वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे दोन वारंवारतांवर मोजले की ती गणिताने काढून टाकता येते. तुमचे रिसीव्हर तर दोनच नव्हे, तीन वारंवारता घेणारे असतात. मग ही अडचण शिल्लक राहते तरी कशी?

चुंबकसूची

शंका बाळबोध मुळीच नाही. विक्री करणारे नेमके हेच वाक्य ऐकवतात. दोन वारंवारतांच्या मिश्रणाने ९९ टक्क्यांहून अधिक चूक निघते हे खरे आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. त्या मिश्रणात मोजणीतील गोंगाट सुमारे तिप्पट होतो आणि तरंगांच्या संख्येचा पूर्णांकपणा व्यवहारात हाताशी राहत नाही. आरटीकेची सगळी करामत तर त्या पूर्णांकातच आहे, कारण १९ सेंटीमीटर लांबीचे नेमके किती तरंग मध्ये बसले हे ठरले की उरलेले मोजमाप मिलिमीटरांचे असते. म्हणूनच कमी अंतराच्या बेसलाइनवर (बेस ते रोव्हर रेषेवर) बहुतेक सॉफ्टवेअर हे मिश्रण वापरत नाहीत आणि ‘दोन्हीकडे आयनांबर सारखेच’ या गृहीतकावर विसंबतात. उरलेला फरक एका टीईसी एककाच्या जवळ गेला, की तो एल-१ च्या जवळजवळ एका पूर्ण तरंगाएवढा दिसतो आणि सॉफ्टवेअर चुकीचा पूर्णांक आत्मविश्वासाने निवडते. मोजपट्टी यांच्या टीबीएमवर ‘फिक्स’ असताना उंची चुकते, त्याचे मला हेच स्पष्टीकरण दिसते.

शिवाय सिंटिलेशनमध्ये संदेशच हातातून सुटत असेल तर मिश्रण कशाचे करणार? वारंवारता जितकी कमी, तितकी ही लुकलुक अधिक तीव्र असते, त्यामुळे एल-५ या तिसऱ्या, कमी वारंवारतेचा कोड मजबूत असला तरी बुडबुड्यात त्याची तीव्रता एल-१ पेक्षा जास्त कोसळते.

रोव्हरवाला

चुंबकसूची सर, विवेचन पटले. दुरुस्तीच्या वयाबद्दलचा माझा मुद्दा मात्र कायम आहे. एक प्रश्न आहे. माथा उत्तरेला असेल तर उत्तर-दक्षिण बेसलाइनवर फरक जास्त पडणार, हे उघड आहे. मग शक्य असेल तिथे बेस पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवणे बरे, असे समजावे का? आणि कोल्हापुरात मला हा त्रास इतका जाणवत नाही, त्याचे काय?

चुंबकसूची

दिवसा तुमचे म्हणणे बरोबर आहे, रात्री मात्र उलटे होते. बुडबुडे चुंबकीय रेषांना धरून उत्तर-दक्षिण लांब पसरलेले असतात आणि सेकंदाला साधारण शंभर मीटर वेगाने पूर्वेकडे सरकत जातात. पूर्व-पश्चिम बेसलाइनचे एक टोक बुडबुड्यात आणि दुसरे बाहेर असण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे दिशेच्या युक्त्यांपेक्षा अंतर कमी करणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

कोल्हापूरचा प्रश्न जास्त रोचक आहे. चुंबकीय विषुववृत्तावर बुडबुडा जितका उंच चढतो, तितका तो चुंबकीय रेषांवरून उत्तरेला पसरतो. कोल्हापूरच्या आकाशात पोहोचायला त्याला विषुववृत्तावर सुमारे पाचशे किलोमीटर उंची गाठावी लागते, तर जळगावच्या आकाशात पोहोचायला सुमारे सातशे. म्हणजे बुडबुडे कोल्हापूरला अधिक वेळा पोहोचतात, पण तिथला थर विरळ असतो. जे थोडे खानदेशापर्यंत पोहोचतात ते माथ्याजवळच्या दाट थरात शिरतात, त्यामुळे तिथले सिंटिलेशन जास्त जोरदार असते. सौरचक्र मंद असताना बुडबुडे इतक्या उंचीवर फारसे जातच नाहीत. तुमच्या बेसलाइन मुळातच लहान असतील, तर तेही एक कारण असू शकते.

इथे मला एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. आपल्याकडे अनेकांच्या हाती आरटीके आणि कॉर्सची (कायमस्वरूपी बेस-स्थानकांच्या जाळ्याची) सेवा आली ती २०१८ ते २०२१ या काळात, आणि नेमका तोच सूर्याचा शांत काळ होता. पंचविसावे सौरचक्र २०१९च्या डिसेंबरात सुरू झाले आणि २०२४मध्ये शिखराला पोहोचले. शांत वर्षांत बसलेली ‘तीस किलोमीटरवरही फिक्स मिळतो’ ही सवय शिखराच्या वर्षांत अंगलट येते, आणि मग दोष उपकरणाला दिला जातो.

अटकेपार

मी नेब्रास्कात शेतीच्या यंत्रांशी संबंधित काम करतो. १० मे २०२४च्या वादळाच्या वेळी इथे मक्याची पेरणी चालू होती. २००३च्या ऑक्टोबरनंतरचे ते पहिलेच जी-५ या सर्वोच्च दर्जाचे भूचुंबकीय वादळ होते. आरटीकेवर आपोआप चालणारे ट्रॅक्टर ओळी सोडून भरकटू लागले आणि विक्रेत्यांनी शेतकऱ्यांना ती यंत्रणा तात्पुरती बंद ठेवायला सांगितले. पेरणीच्या ओळी चुकल्या की पुढे खत देणे आणि फवारणी करणे यांचीही घडी विस्कटते, म्हणून त्याचा बोभाटा बराच झाला. इथे केपी वाढला की त्रास होतो हे आम्ही गृहीतच धरतो. शांत केपीला महाराष्ट्रात एवढा त्रास होतो हे वाचून नवल वाटले.

चुंबकसूची

त्यात नवल नाही, कारण केपी हा तुमच्याकडचा निर्देशांक आहे. तो जगातील तेरा वेधशाळांच्या नोंदींवरून काढतात. त्यांतील बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेत आहेत आणि भारतातील एकही त्यात नाही. आपले बुडबुडे वादळाची वाट पाहत नाहीत. ऋतू, सूर्यास्त आणि सौरचक्र एवढे त्यांना पुरते. उलट वादळ आल्यावर एक-दोन दिवस विद्युतक्षेत्राची दिशा बिघडून बुडबुडे दबूनही जातात. दुसरीकडे वादळाचा जोर नेमका आपल्या सूर्यास्ताच्या वेळी आला, तर ते कमालीचे फोफावतात. १७ मार्च २०१५च्या वादळात भारतीय रेखांशांवर तसेच घडले आणि संध्याकाळी आयनांबराचा थर साडेपाचशे किलोमीटरच्या वर फेकला गेला. त्यामुळे केपीचे ॲप पाहून खानदेशातील रात्रीची पाळी ठरवण्याला अर्थ नाही. पंचांगातील सूर्यास्त पाहून ती ठरवलेली बरी.

दिवसा थोडा अंदाज बांधायचा असेल तर त्याचे एक साधन आपल्याच राज्यात आहे. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतील नोंद तिरुनेलवेलीच्या नोंदीतून वजा केली की विषुववृत्तावरील विद्युतप्रवाहाचा त्या दिवशीचा जोर कळतो. तो जोरदार असेल तर उत्तरेकडील माथाही उंच आणि उत्तरेला सरकलेला असतो. अलिबागची ही वेधशाळा म्हणजे कुलाब्याच्या वेधशाळेचा १९०४ सालचा नवा पत्ता. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेध तिकडे हलवले गेले. त्याच कुलाब्याच्या वेधशाळेने १८५९च्या सप्टेंबरातील ऐतिहासिक सौरवादळाची नोंद टिपली होती.

धावपट्टी

विमानवाहतुकीच्या बाजूने थोडी भर घालतो. २९ आणि ३० ऑक्टोबर २००३ रोजी विमानांना उपग्रहांवरून जीपीएसच्या दुरुस्त्या देणाऱ्या अमेरिकेच्या डब्ल्यूएएएस प्रणालीची उंचीविषयक सेवा अनुक्रमे सुमारे १५ आणि ११ तास वापरण्याजोगी राहिली नव्हती. त्यात चुकीचा आकडा विमानाला दिला गेला नाही, तर प्रणालीने स्वतःच ‘आता माझ्यावर विसंबू नका’ असे जाहीर केले. त्याच वर्षीच्या २० नोव्हेंबरच्या वादळात ओहायो राज्यावर आयनांबराच्या चुकीत किलोमीटरमागे सुमारे ४१ सेंटीमीटरचा उतार मोजला गेला. ब्राझीलमध्ये पुढे बुडबुड्याच्या कडेवर ८५ सेंटीमीटरचा उतार आढळला. आपल्या तशाच गगन प्रणालीसाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाला आयनांबराचे वेगळे, अनेक थरांचे गणित बसवावे लागले, कारण अमेरिकेतील साडेतीनशे किलोमीटरवरच्या एकाच पातळ कवचाची कल्पना इथल्या माथ्याला पुरत नाही. २०१५च्या एप्रिलमध्ये गगनला उंचीसह मार्गदर्शनाचे प्रमाणपत्र मिळाले. मोजणीच्या रिसीव्हरमध्ये असा ‘विसंबू नका’ म्हणणारा सावध आवाज नसतो. तो फिक्स म्हणतो आणि मोकळा होतो.

मोजपट्टी

सर्वांचे मनापासून आभार. रोव्हरवाले यांच्या सांगण्यावरून दुरुस्तीचे वय पाहिले, तर फिक्स जातानाही ते एक-दोन सेकंदच होते. मग कंट्रोलरवर उपग्रहांच्या आकाशनकाशाचे पान उघडून ठेवले. साडेसातपर्यंत सगळे आकडे स्थिर होते. आठच्या पुढे दक्षिणेकडील चार उपग्रहांची तीव्रता ४५ डेसिबलवरून २८ पर्यंत पडायची, पुन्हा ४४ वर यायची, आणि त्यांतला एखादा यादीतून नाहीसाच व्हायचा. त्याच वेळी उत्तरेकडचे उपग्रह मख्ख होते. पुढे हा गोंधळ पूर्वेकडे सरकत गेला. जॅमर असता तर सगळेच आकडे एकदम पडले असते, असे मला वाटते.

आता प्रश्न असा आहे की रात्रीची पाळी मला टाळता येणार नाही, आणि शिवाय पुढील टप्प्यासाठी नवे कंट्रोल पॉइंट (मोजणीचे आधारबिंदू) बसवायचे आहेत. ते कसे करावे?

चुंबकसूची

तुमची नोंद अगदी पाठ्यपुस्तकी आहे. दक्षिणेकडून सुरुवात आणि पूर्वेकडे सरकणे, दोन्ही बुडबुड्यांचीच लक्षणे. मल्टिपाथ (आसपासच्या वस्तूंवरून परावर्तित झालेल्या संदेशाचा गोंधळ) असता तर तोच जीपीएस उपग्रह त्याच जागी दुसऱ्या दिवशी चार मिनिटे आधी तसाच अडखळला असता, आणि जागा बदलताच चित्र बदलले असते.

रोव्हरवाला

कामाच्या बाजूचे मी सांगतो. आकाशनकाशाची नोंद वाचल्यावर जॅमरचा मुद्दा मी मागे घेतो. रात्रीच्या पाळीसाठी स्वतःचा बेस कामाच्या पट्ट्यातच, तीन-चार किलोमीटरच्या आत ठेवावा आणि काम पुढे सरकेल तसा तो हलवावा. दूरच्या कॉर्सवर किंवा त्यांच्या जाळ्यातून काढलेल्या आभासी बेसवर रात्री विसंबू नये, कारण ते जाळे दोन स्थानकांमधला फरक सरळ रेषेत वाटून देते आणि बुडबुड्याची कड सरळ रेषा मानत नाही. चारही उपग्रहमालिका (जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू) चालू ठेवून किमान उन्नतांश (उपग्रहाची क्षितिजापासूनची उंची) पंधरा-वीस अंशांवर न्यावा. बुटके उपग्रह आयनांबरातून तिरपा, लांब प्रवास करून येतात, आणि आता उपग्रह इतके आहेत की ते गमावल्याने फारसे बिघडत नाही. प्रत्येक बिंदूवर फिक्स मिळाल्यावर रिसीव्हर पुन्हा शून्यापासून सुरू करून दुसऱ्यांदा फिक्स घ्यावा. दोन्ही उंची जुळल्या नाहीत तर तो बिंदू सोडून द्यावा. ग्रेडरसाठी किंवा काँक्रीटसाठी ज्या उंची लागणार आहेत त्या मात्र आठ ते बारा या वेळात आरटीकेने देऊच नयेत; टोटल स्टेशन आणि लेव्हल ही उपग्रहांविना मोजणारी उपकरणे अजून जिवंत आहेत.

कंट्रोल पॉइंट स्टॅटिक पद्धतीने (रिसीव्हर बराच वेळ एका जागी स्थिर ठेवून), पहाटे चार ते सकाळी नऊच्या दरम्यान घ्यावेत, कारण त्या वेळी आयनांबर तुलनेने विरळ आणि शांत असते. लांब बेसलाइन असेल तर दोन तासांपेक्षा कमी बसू नये, आणि तोच बिंदू दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा घ्यावा. रात्रीच्या कामाच्याही कच्च्या नोंदी रिसीव्हरमध्ये एका सेकंदाच्या अंतराने साठवून ठेवाव्यात. देयकाच्या वेळी कंत्राटदार उंचीवरून हुज्जत घालू लागला, तर कोणत्या उपग्रहावर किती वाजता पकड सुटली हे त्या फाइलमधून काढून दाखवता येते.